तेजूच्या मनगटातलं कडं

माह्या मालकाचं, म्हणजे नवऱ्याचं, नाव केहरसिंग. त्यायनं एकदा अनसिंगच्या एका वावरातून रानडुक्कर धरलं. ते एवळं मोठं होतं का बैलबंडीत मावलं नाई, म्हणून टेसनावर नेऊन रेल्वेनं वाशीमले आणलं. टीसीनं त्याच्याकडे पाह्यलं, त्याच्या तोंडात बॅटरी मारून दात पाह्यले, अन् आर्धं तिकीट फाडलं. म्हणे, लेकरू हाये अजून. डुक्कर खिडकीपाशी बसलं. उतरताना एका बाईची पेटी त्यानं खाली घेऊन देल्ली.

भट्टीपुऱ्यात ही गोष्ट सगळ्यायनं ऐकली हाये. ज्याले खोटी वाटते त्याले मी म्हणतो, ये घरी, तिकीट दाखवतो. अजून कोणी आलं नाई. भट्टीपुऱ्यात बाहेरचं माणूस तसंही येत नाई.

भट्टीपुरा म्हणजे वाशीमचं शेपूट. नाल्यावरचा पूल ओलांडला का सुरू होते. पयले आमची शिकलगार शिखायची घरं, त्याले लागून माह्या शेजारणीच्या, मेहरबीच्या लोकायची गाद्या पिंजाची आळी, मंग वडार, मंग गोसावी, अन् आखरीले एक रिटायर कंडक्टर. त्यानं चुकून इथं प्लॉट घेतला, अन् आता तो प्लॉट कोणी इकत घ्याले तयार नाई. ऑटोवाला पुलाच्या अलीकडेच उतरवते. मोबाइलवरून काही मागवलं तं आणणारा पोट्टा फोन करते, पेट्रोलपंपावर या म्हणते. गावात कुठी कुलूप फुटलं का पोलिसायची गाडी सगळ्यात पयले आमच्याकडे येते, कारण आमी पिढ्यानपिढ्या चाव्या घडवतो, कढया घडवतो, इळे-कोयते घडवतो. गाडी येते, दोघातिघाले घेऊन जाते, संध्याकाळी सोडून देते. मी साहेबाले चहा पाजतो. एका साहेबाले मी सांगितलं का माह्या सासऱ्यानं एका नवाबाच्या तिजोरीची चावी केली होती, अन् तिजोरी उघडली तं आत नवाबाचा कारकून झोपेल सापडला. साहेब लय हासला. घेऊन जाचं त्याले तरी घेऊन गेलाच.

अशा या भट्टीपुऱ्यात माही नात तेजवंतकौर मोठी झाली. आमी तिले तेजू म्हणतो. शाळा पुलाच्या पलीकडे. तिथं तिले पोट्ट्या इचारत, तू पंजाबी हायेस का व? पंजाब तेजूनं नकाशात पाह्यला हाये. तिची लांबून लांब मजल म्हणजे नांदेडचा गुरुद्वारा. पंजाबीत बोलून दाखव म्हटलं तं ती आमच्या घरची बोली बोले, अन् त्या हासत. मंग तिनं बोलणंच बंद केलं. गॅदरिंगमदी नाटक असलं का डाकू व्हाचं काम तिलेच. एका वर्षी तं नाटकात डाकू नव्हता, तरी गुरुजीनं तिच्यासाठी एक टाकला.

आमच्या घरची एक रीत हाये. लेकराचं कडं बाजारातून आणाचं नाई. घरातल्या मोठ्यानं ते भट्टीत घडवाचं अन् आपल्या हातानं लेकराच्या हातात घालाचं. मंग हात वाडला का साबण लावून कडं काडाचं, भट्टीत लाल कराचं, नखाएवळं नवं लोखंड त्यात मिळवाचं, ऐरणीच्या शिंगावर घालून वाडवाचं, अन् तेच परत हातात. लोखंड तेच राह्यते, लेकरासंगं वाडत जाते. तेजूचं कडं केहरसिंगनं घडवलं. दर दोन-तीन वर्षाले वाडवलं. ती पाचवीत गेली तवा आखरीचं वाडवलं, अन् त्याच हिवाळ्यात खोकल्यानं ते गेले.

माह्या पोरानं, मक्खनसिंगनं, भट्टी इझवली. लोखंडात आता काही राह्यलं नाई म्हणून त्यानं बॅटरीवाली रिक्षा घेतली. सगळ्या वाशीमात भट्टीपुऱ्यापर्यंत येणारी ती एकच रिक्षा, कारण त्याले घरीच या लागते. ऐरणीवर त्यानं ताडपत्री टाकली. तेजूच्या कड्याचा इषय निघाला का तो म्हणे, बैसाखीले वाडवू. बैसाखीले म्हणे, दिवाईले. कड्याले शेवटचा हातोडा केहरसिंगचा लागला होता. त्याच्यावर आपला मारावा असं मक्खनच्या जिवावर येत होतं. तो ते बोलत नव्हता. घरात कोणीच बोलत नव्हतं.

हात मात्र कोणासाठी थांबत नाई. एका दिवशी कडं निघालंच नाई.

साबण लावला, गोडं तेल लावलं, प्लास्टिकची पन्नी घालून पाह्यली. मेहरबी शेजारची, तिनं गाद्या शिवाचा दोरा गुंडाळून पाह्यला, अंगठी काडतात तसा. तेजूचा अंगठा निळा झाला, कडं जागचं हाललं नाई. तवापासून ते तिच्या मनगटातच राह्यलं. जो इचारे त्याले मी वेगळं सांगत गेली. एकाले सांगितलं, हे कडं पोट्टी जन्मली तवा तिच्या हातातच होतं, दाईनं पयले कडं काडलं अन् मंग पोट्टी. दुसऱ्याले सांगितलं, हे काडलं तं मेडशीच्या घाटात यष्टी चडत नाई.

आता कबड्डीचं सांगतो. शाळेत रीता मॅडम म्हणून खेळाच्या बाई आल्या. त्यायनं पाह्यलं का तेजू अन् मेहरबीची नात अनम, या दोघी मधल्या सुट्टीत पोरायले धरून पाडतात. त्यायनं दोघीयले संघात घेतलं. तेजू चढाई करे. उजवा हात असा फेके का समोरच्या पोट्टीले लागल्यावर कळे. कड्यावर रीता मॅडम पांढरी पट्टी गुंडाळून देत, अन् पंच चालवून घेत.

या वर्षी जिल्ह्याचे सामने केनवडले होते. फायनल खेळणाऱ्या दोन संघातून जिल्ह्याचा संघ निवडणार होते, अन् तो अकोल्याले विभागात जाणार होता. तेजूले त्या संघात जाचं होतं. दुसरं काहीच पाहिजे नव्हतं. घरी तिनं सांगून ठेवलं होतं का निवड झाली तं बारावीनंतर ती खेळाच्या कोट्यातून शिकीन, नाई झाली तं तुमी म्हणसान ते. मक्खन 'पाहू' म्हणाला होता. आमच्यात 'पाहू' म्हणजे लग्न.

तिच्या मायनं सांगितलं, संगं बाईमाणूस असन तं पोट्टी जाईन. मेहरबी म्हणे, चंदाकौर जात असन तं माही अनम जाईन. अशी मी निघाली. मालेगावले गाडी बदलली. गाडीत मी पोट्ट्यायले केहरसिंगच्या भात्याची गोष्ट सांगितली, का त्यायनं भाता फुंकला तवा गावच्या सगळ्या गिरण्या बिनलाइटीच्या फिरल्या. रीता मॅडम इंग्रजी शाळेतून शिकून आलेल्या, त्यायनं इचारलं, कोणत्या सालची गोष्ट? मी म्हटलं, ज्या साली दळण फुकट होतं त्या सालची.

केनवडच्या ग्राउंडवर दोन्ही बाजूले लोक उभे होते. पलीकडे तुरीची वावरं. आमच्या पोट्ट्या पयला सामना जिंकल्या, दुसराही जिंकल्या. तेजूच्या हातावर पट्टी होती, कोणी काही म्हटलं नाई. फायनलले समोर आला तो एका मोठ्या गावचा संघ. त्यायच्या संघाचे सर शालिग्राम. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, अन् माणूस तसा वाईट नव्हता. सकाळी त्यायनंच मले बसाले खुर्ची देल्ली होती.

आधी त्यायनं त्यायच्या पोट्ट्यायले इचारलं, ती लंबी पोट्टी कुठची? एकीनं सांगितलं, वाशीमची, भट्टीपुऱ्याची. मंग शालिग्राम सर उठले अन् पंचाकडे गेले. पंच म्हणजे इंद्रभान सर, जाड मिशाचे, हळू बोलणारे. शालिग्राम सर त्यायले म्हणाले का त्या पोट्टीच्या पट्टीखाली लोखंड हाये. इंद्रभान सर म्हणाले, कडं हाये, त्या लोकायच्या धर्माचं असते. शालिग्राम सर म्हणाले, धर्माचं आमाले काही नाई. पण ती भट्टीपुऱ्याची हाये. तिथं काय काय घडवतात ते सगळ्या जिल्ह्याले माईत हाये. पट्टीखाली धार हाये का काय, कोण सांगीन? माह्या पोट्ट्यायचे गळे जातीन.

हे मी ऐकलं. खुर्ची त्यायचीच होती, म्हणून उठून उभी राह्यली.

इंद्रभान सरानं पट्टी काडाले लावली. कडं पाह्यलं, बोट फिरवलं, धार नव्हती. पण आता तक्रार झाली होती, अन् नियम असा का अंगावर लोखंड, सोनं, काहीच नाई पाहिजे. पट्टी बांधून खेळू देणं ही पंचायची मेहरबानी असते, ती तक्रार झाल्यावर करता येत नाई. ते म्हणाले, कडं काडा, नाई तं पोट्टी बाहेर बसीन. मुलायची फायनल आधी घेतो, तेवळा टाइम तुमचा.

रीता मॅडम भांडल्या. मी मधी पडली. भांडणानं पंच पक्का होते, गोष्टीनं सैल होते, असं मले वाटत होतं. मी इंद्रभान सराच्या टेबलापाशी गेली अन् सांगाले लागली का हे कडं साधं नाई. वाशीमची छोटी रेल्वे बंद झाली अन् मोठी आली, तवा जुन्या रुळाचे खिळे काडले. एक खिळा निघेच ना. सायबानं मशीन लावली, मशीन तुटली. मंग माह्या मालकाले बोलावलं. त्यायनं खिळ्याले हात जोडले, कानात काही सांगितलं, अन् खिळा आपोआप वर आला. त्या खिळ्याचं हे कडं. त्याले ज्यानं घडवलं त्याच्याच सांगण्यानं ते निघते, अन् ते तं आता वर गेले.

गुण लिहिणारे दोघं लिहाचं थांबले. चहा आला. इंद्रभान सरानं मले बशीत चहा ओतून देल्ला, मन लावून ऐकलं, खिळ्याच्या कानात काय सांगितलं तेही इचारलं. मी म्हटलं, ते घरातल्या माणसालेच सांगतात. तवा ते म्हणाले, "आजी, गोष्ट एक नंबर हाये. कडं काडा लागते."

मागं वळून पाह्यलं तं तेजू पाण्याच्या टाकीपाशी बसली होती. कोपरापर्यंत हात बकेटीत, साबणाचा फेस, अन् अनम कडं धरून ओढून राह्यली होती. अंगठ्याच्या हाडाशी कातडं सोललं होतं. अनम रडकुंडीले आली होती. तेजू नाई.

ती म्हणाली, "दादी, काप."

मी म्हटलं, कापल्या जात नाई. तुह्या दादाजीनं हे एरंडाच्या तेलात इझवलं हाये, याच्यावर आरी लावली का आरीचे दात गळतात. एकदा एका चोरानं...

"दादी, बस."

मी बसली. ती हलक्या आवाजात बोलत होती, अनमले बी ऐकू जाऊ नये असं. "दादाजीनं हे माह्या हाताले केलं. पण तवाच्या हाताले. हा हात त्यायनं पाह्यलाच नाई. त्यायनं पाह्यला असता तं वाडवलं असतं का नाई, सांग."

 वाडवलं असतं, हे तिलेही माईत होतं.

"मंग काप. नाई तं मी इथं बसतो, अन् शालिग्राम सराची पोट्टी अकोल्याले जाते. घरी बाबूजी म्हणतीन, पाहू."

ग्राउंडच्या मागं बाजाराच्या तोंडाशी देवला नावाच्या माणसाचं ट्रॉल्या जोडाचं दुकान होतं. तिथं गेलो. मागून आर्धं ग्राउंड आलं, मुलायची फायनल सोडून. देवलानं हात पाह्यला, कडं पाह्यलं, अन् कटर लावाले साफ नाई म्हटलं. म्हणे, मशीन उलशी घसरली तं पोट्टीचं मनगट जाईन अन् माह्या दुकानाले कुलूप लागीन. मी म्हटलं, कुलपाचं आमी पाहू, तू हातआरी दे. त्यानं देल्ली. तेलाचा रिकामा डबा पडला होता, त्याचा पत्रा पट्टीएवळा कापून घेतला. तो कड्याच्या अन् कातड्याच्या मधी सरकवला, त्याच्याखाली ओली चिंधी. तेजूचा हात लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवला. अनमनं तिचे बोटं धरले.

शिकलगाराच्या बायका भट्टीवर बसत नाईत, पण कानस अन् आरी आमच्याच हातात राह्यते. लग्न झाल्यापासून मी चाव्या घासल्या. लोखंडाले कुठी कापाव ते माईत असते, जोडावर कापाव. जोडाचं लोखंड नरम राह्यते. म्हणून मी कडं फिरवून पाह्यलं. बालपणाचं लोखंड, मंग पयलीच्या वर्षी मिळवलेलं, मंग तिसरीच्या, मंग पाचवीच्या. इतले जोड असाले पाहिजे होते. मी चष्मा वर केला, खाली केला, नख लावून पाह्यलं. एकही जोड सापडला नाई. देवलानं पाह्यलं, त्यालेही नाई. तो म्हणे, आजी, हे एकाच वक्ताले ओतेल हाये. मी म्हटलं, असन.

मंग जिथं हात लागला तिथं आरी ठेवली.

लोखंड कठीण होतं. एरंडाच्या तेलाची गोष्ट मी मनानं केली होती, पण आरीचे दात खरंच गळाले लागले. देवलानं दुसरं पातं लावून देल्लं. पाणी टाकत गेला.  शालिग्राम सर बी आले होते, मागं उभे होते, टोपी हातात. ग्राउंडवरून शिट्टीचे आवाज येत होते, मुलायचा सामना सरत आला होता. तेजूनं डोळे मिटले नाईत. ती चिरेकडे पाहत होती, एखाद्या दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तशी.

आरी पत्र्याले लागली तवा खर्रकन वाजलं. मी थांबली. एकीकडून देवलानं पाना लावला, दुसरीकडून अनमनं, अन् दोघायनं ताणलं. कडं बोटभर उघडलं. तेजूनं हात तिरपा केला अन् बाहेर काडला.

मनगटावर एक पांढरं वळं होतं. तिथलं कातडं लेकराचं असते तसं होतं, त्याले ऊनच माईत नव्हतं.

"चाल," तेजू अनमले म्हणाली, अन् दोघी धावत गेल्या. उघडलेलं कडं माह्या हातात राह्यलं. गरम होतं. मी ते पिशवीत टाकलं.

ग्राउंडवर शालिग्राम सरानं अजून एक सांगितलं, का तिच्या अंबाड्यात आकडे असतीन. सवयीनंच म्हणाले असतीन. इंद्रभान सरानं त्यायच्याकडे पाह्यलं अन् शिट्टी फुंकली.

आता कोणाले वाटीन का तेजूनं मैदान मारलं. तसं झालं नाई. पयल्याच चढाईत तिनं हात फेकला अन् तो भलतीकडेच गेला. जन्मापासून त्या हातात लोखंडाचं वजन होतं. वजन धरूनच तो हात फेकाले शिकला होता. वजन गेलं तं हात पतंगावानी वर उडाला, समोरच्या पोट्टीच्या डोक्यावरून गेला, अन् त्यायनं तेजूले मधातच धरून पाडलं. दुसऱ्या चढाईतही तेच. तिसऱ्या वक्ताले तिनं अंदाज घेत घेत हात टाकला, तं उशीर झाला. बाहेर येऊन ती आपल्या हाताकडे पाहाले लागली, जसं काही तो बदलून देल्ला असन.

रीता मॅडमनं चढाई अनमले देल्ली अन् तेजूले कोपऱ्यात उभं केलं, पकडीले. तिले ते काम आवडे नाई. पकडवाल्याची कोणी टाळी वाजवत नाई, असं ती म्हणे. पण तिथं एक गंमत झाली. कडं होतं तवा तिचं मनगट पुरं मुडपत नव्हतं, हाडाले लागे. आता ते मुडपाले लागलं. समोरची पोट्टी आली, पाय टाकून परत फिरली, अन् तेजूनं खाली झुकून घोटा असा धरला का ती पोट्टी जाग्यावर बसली. मंग दुसरी आली, तिलेही तसंच. शालिग्राम सराची सगळ्यात चपळ पोट्टी आली, तिचा घोटा तेजूनं धरला अन् ती मधल्या रेघेकडे हात लांबवत राह्यली, रेघ काही आली नाई.

सामना आमी हारलो. सुरुवातीले जे गुण गेले ते भरून निघाले नाईत. शालिग्राम सरानं पेढे वाटले, मलेही देल्ला, मी खाल्ला. मंग माइकवर संघ सांगितला. चढाईत तेजूचं नाव आलं नाई. ती उठून बूट बांधाले लागली. मंग पकडीचे नाव वाचले, त्यात उजवा कोपरा तेजवंतकौर म्हणाले. ती तशीच वाकून बसली, एक नाडी हातात. अनम बी निवडून आली होती, तिनं तिले ढकललं तवा तिले समजलं.

घरी आल्यावर मी कडं काडून मक्खनच्या पुढं ठेवलं. म्हटलं, केनवडले वाघ आला होता, त्याच्या जबड्यात पोट्टीनं हात घातला, वाघाचा दात अन् कडं संगंच तुटलं. तो हासला नाई. चीर पाहत राह्यला. मंग इचारलं, कोणी कापलं? मी म्हटलं, मी. जोडावर काहून नाई कापलं? मी म्हटलं, सापडला तं सांग.

त्यानंही लाइटीखाली धरून पाह्यलं. त्यालेही सापडला नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रिक्षा काडली नाई. ताडपत्री ओढली. भट्टी पेटवली तं आळीतले लेकरं जमा झाले, कारण भट्टीपुऱ्यात भट्टी पेटेल त्यातल्या बऱ्याच जणानं पाह्यलीच नव्हती. तेजू म्हणाली, मोठं करा, हातातून निघीन असं करा. मक्खन म्हणाला, आपल्या घरात निघणारं कडं करत नाईत. ती म्हणाली, मंग मी घालत नाई. भाता मी चालवला. तेजूची माय आमच्या आळीतल्या गुरुद्वाऱ्यात गेली, बाबाजीले इचारून आली. बाबाजी म्हणाले, खेळाच्या टायमाले काडलं तं काडलं, खेळ झाला का घालाव, कडं रागवत नाई. मक्खननं मंग नवं लोखंड जरा जास्तच घेतलं.

त्याच्या हाताची सवय मोडली होती. जोड दुरून दिसे. कडं गोल झालं नाई, अंड्यावानी झालं, अन् एका ठिकाणी हातोड्याचा खड्डा राह्यला. त्यानं ते पुन्हा भट्टीत टाकाले सांडशीत धरलं, तं तेजूनं राहू द्या, थंडं होऊ द्या म्हटलं. थंडं झाल्यावर बापानं तिच्या हातात घालाले घेतलं. तिनं हात पुढं केला. कडं सरकन गेलं, अन् तिनं हात खाली सोडला तं सरकन खाली बी आलं. तिनं ते उचललं अन् आपलं आपण घातलं.

मंग अकोल्याले गेलो. मोठं ग्राउंड, सिमेंटच्या पायऱ्या, गावोगावचे लोक. सामना सुरू व्हाच्या आधी तेजू माह्याकडे आली, कडं काडलं, माह्या हातात सरकवलं, अन् गेली. माह्या हातात माहं एक होतंच. मी हात हालवला का दोन्ही वाजत.

शेजारी कुठच्यातरी गावची एक बाई बसली होती, तिची पोट्टी बी खेळत होती. बराच वेळ तिनं माह्या हाताकडे पाह्यलं. मंग इचारलं, "माय, दोन दोन काहून घातले व?"

माह्या तोंडात गोष्ट तयारच होती, त्यात एक मगर होती अन् पूर्णेचा पूर. पण तेवळ्यात समोर तेजूनं कोणाचा तरी घोटा धरला, अन् सगळे उभे राह्यले. मी बी उभी राह्यली.

"एक माहं हाये," मी म्हटलं. "दुसरं त्या पोट्टीचं. खेळ झाला का नेते ती."

सामना सरल्यावर तेजू आली. घामानं भिजेल, गुडघा फुटेल. तिनं माहा हात धरला, दोन्हीतलं कोणतं आपलं ते पाहाची गरज नव्हती, वाकडं होतं ते काडलं, घातलं, अन् अनमसंगं पाणी प्याले गेली. मी त्या बाईले म्हटलं, मगरीची गोष्ट ऐकाची हाये का?